सही, साक्ष आणि ऋण

मुक्त व्यावसायिक, म्हणजे कोणत्याही एका आस्थापनेच्या नोकरीत नसलेला आणि कामागणिक मोबदला घेणारा भाषांतरकार, मुद्रितशोधक, चित्रकार किंवा संगणकतज्ज्ञ, आणि त्याला काम देणारा ग्राहक यांच्या करारपत्रावर दोघांच्या सह्या होतात तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याच्या अभ्यासकांनी सोडवण्याचा वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र नीतिशास्त्रातला एक जुना वाद आहे. देणे सहीमुळे निर्माण होते, की सही होण्यापूर्वीच निर्माण झालेल्या देण्याची ती केवळ साक्ष असते? पहिले मत स्वीकारले तर कागदावर जे नाही ते कोणीच कोणाला देणे लागत नाही आणि कागदावर जे आहे ते कितीही जाचक असले तरी निमूटपणे द्यावे लागते. दुसरे मत स्वीकारले तर कागद हरवला, अर्धवट राहिला किंवा एकाच पक्षाच्या कपाटात अडकून पडला तरी देणे जागच्या जागी राहते, आणि सही घेणाऱ्यावर कागदापलीकडचीही काही जबाबदारी येते. प्रस्तुत विवेचनाचा कल दुसऱ्या मताकडे आहे. त्याला असलेला एक महत्त्वाचा अपवाद पुढे येईलच.

भारतीय परंपरेत या विषयाचे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहताना दिसतात. एक प्रवाह वचनाचा. हरिश्चंद्राने राज्य दिले त्याचा कोणताही लेख झाला नव्हता, आणि कथेचा सारा भार नेमका यावर आहे की पुराव्याची गरजच नसलेला माणूस तो सत्यवचनी. मराठी प्रापंचिक नीतीने हा आदर्श फार मनावर घेतला आहे. दिलेल्या शब्दाला जागणे हा सद्गुण आणि कागद करून मागणे हा जवळजवळ अपमान, अशी समजूत चांगल्या शिकल्यासवरलेल्या घरांतही आढळते. या समजुतीला इतिहासाचाही आधार आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात वर्णिलेली बलुतेपद्धती पाहिली तर सुतार, लोहार, कुंभार यांचा मोबदला दर कामाच्या वेळी ठरत नसे. तो पिढीजात हक्क म्हणून सुगीला धान्यरूपाने मिळे, आणि त्याची हमी सबंध गावाच्या स्मरणात व वहिवाटीत असे. वहिवाट हीच साक्ष असल्यामुळे प्रत्येक नांगराच्या फाळासाठी वेगळा करार करण्याचे कारण नव्हते. आजच्या मुक्त व्यावसायिकाला मात्र ना वतनाचा आधार, ना नोकरीतल्या सेवानियमांचा. पुण्यातला भाषांतरकार ज्याच्यासाठी काम करतो तो ग्राहक बंगळुरूत किंवा बर्लिनमध्ये असतो, दोघांची गाठ कधी पडलेली नसते, आणि त्यांच्या व्यवहाराचा साक्षीदार म्हणावा असा तिसरा माणूस जगात नसतो. गावाच्या स्मरणशक्तीने केलेले काम इथे कागदालाच करावे लागते.

दुसरा प्रवाह व्यवहाराचा. धर्मशास्त्रात व्यवहार म्हणजे न्यायसभेपुढे येणारा विवाद आणि त्याच्या निर्णयाची पद्धती. मनुस्मृतीने विवादाची जी अठरा पदे, म्हणजे खटल्याचे अठरा प्रकार सांगितले आहेत, त्यांत वेतनादान, अर्थात ठरलेला मोबदला न देणे, आणि संविद्व्यतिक्रम, अर्थात केलेला ठराव मोडणे, ही दोन स्वतंत्र पदे आहेत. म्हणजे पैसे अडकवणारा ग्राहक ही आधुनिक काळाची निर्मिती आहे असे समजण्याचे कारण नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात व्यवहाराला सविस्तर जागा दिली आहे, आणि तो भाग वाचताना जाणवते की हे शास्त्रकार माणसाच्या सत्यवचनीपणावर फारसे विसंबून नव्हते. याज्ञवल्क्यस्मृती लिखित, भुक्ती आणि साक्षी ही तीन प्रमाणे सांगते. भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष उपभोग किंवा वहिवाट, आणि साक्षी म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा किंवा ऐकणारा माणूस. तिन्ही नसतील तेव्हाच दिव्याकडे, म्हणजे अग्नी, जल, तराजू अशा दैवी परीक्षांकडे वळावे असा क्रम आहे.

लेख्य, म्हणजे व्यवहाराचा दस्तऐवज, कसा करावा याविषयी याज्ञवल्क्याने दिलेले नियम आणि त्यांवर विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ या टीकेत केलेले विवरण आजच्या करारपत्रासमोर ठेवून वाचण्यासारखे आहे. हा टीकाकार चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणीला, म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या आजच्या बसवकल्याणात, लिहीत होता. लेख्यात वर्ष, महिना, पक्ष, दिवस आणि दोन्ही पक्षांची नावे बापाच्या नावासह यावीत. मजकूर पुरा झाल्यावर ऋणको, म्हणजे ज्याच्यावर देण्याचा भार येतो तो, आपल्या हाताने नाव घालून वर लिहिलेले आपल्याला मान्य असल्याचे नोंदवील. साक्षीदार आपापल्या हाताने आपण साक्षी असल्याचे लिहितील. आणि सर्वांत शेवटी लेखक आपले नाव घालून सांगेल की दोघांच्या विनंतीवरून हे लिहिले. संपूर्ण लेख्य स्वहस्ते लिहिलेले असेल तर ते साक्षीदारांवाचूनही प्रमाण ठरते, मात्र बळाने किंवा कपटाने करून घेतलेले नसेल तरच. पुढचे नियम तर दस्तऐवज सांभाळण्याचेच आहेत: कागद परदेशी राहिला, नीट लिहिला गेला नाही, नष्ट झाला, पुसला गेला, चोरीस गेला, फाटला, जळाला किंवा तुटला तर दुसरा करावा, ऋणकोने जसजशी रक्कम द्यावी तसतशी ती लेख्याच्या पाठीवर नोंदवावी, आणि सगळे देणे फिटल्यावर लेख्य फाडून टाकावे.

या नियमांतून निघणारा तात्त्विक निष्कर्ष हेतूच्या दोन प्रकारांच्या भाषेत नेमका मांडता येतो. कारक हेतू वस्तू निर्माण करतो, ज्ञापक हेतू आधीच असलेल्या वस्तूचे ज्ञान करून देतो. धूर अग्नीचा ज्ञापक आहे, कारक नव्हे. लेख्य जळाले तर दुसरे करावे, या आज्ञेला अर्थ तेव्हाच राहतो जेव्हा लेख्य ज्ञापक असते, कारण ते कारक असते तर त्याच्याबरोबर ऋणही जळून गेले असते आणि दुसरे लेख्य कशाचे करायचे हा प्रश्न उरला असता. फेडल्यावर लेख्य फाडावे, ही आज्ञाही त्याच दिशेने बोट दाखवते: आधी ऋण संपते, मग कागद, कागद फाडल्याने ऋण संपत नाही.

मोबदल्याच्या बाबतीत हीच भूमिका अधिक ठळक होते. मोबदला न ठरवता काम करून घेतले तर व्यापार, पशू किंवा धान्य यांच्या उत्पन्नाचा दहावा भाग राजाने देववावा, असे याज्ञवल्क्य सांगतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ठरलेले वेतन ठरल्याप्रमाणे आणि न ठरलेले वेतन कामाच्या व काळाच्या मानाने मिळावे असा नियम आहे, आणि कारागीर, शिल्पी, नट, वैद्य यांच्या वर्गासाठी वेगळे मापही दिले आहे, की त्या प्रकारचे काम करणारा दुसरा माणूस जे घेईल किंवा जाणकार जे ठरवतील ते त्यांना द्यावे. दर न ठरवता मुखपृष्ठ करून घेणाऱ्या आणि नंतर ‘बघू, देऊ काहीतरी’ म्हणणाऱ्या प्रकाशकाला हे माप आजही लावता येईल. त्याच प्रकरणात एक सूक्ष्म वाद आला आहे. काम करायला हजर असलेल्या माणसाकडून मालकाने काम करूनच घेतले नाही तर ते झालेच असे धरावे, असे पूर्वाचार्यांचे मत. कौटिल्य ते नाकारतो आणि केलेल्याचे वेतन असते, न केलेल्याचे नाही असे बजावतो. पण लगेच पुस्ती जोडतो की थोडेसे जरी काम करवून घेऊन मालकाने उरलेले करवून घेतले नाही, तर ते पुरे झालेच असे समजावे. पहिल्या दोन प्रकरणांचे भाषांतर घेऊन प्रकल्प गुंडाळणाऱ्या ग्राहकाविषयीचा हा निर्णय आहे असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो फारसा चुकीचाही नाही. पूर्वाचार्य आणि कौटिल्य यांच्यात मतभेद आहे तो देण्याच्या प्रमाणाविषयी. देणे कागदातून आले की नाही याची चर्चा दोघांपैकी कोणालाही करावीशी वाटलेली नाही.

भारतीय करार कायदा, १८७२ हा इंग्रजी विचारातून आलेला असला तरी या बाबतीत फार दूर जात नाही. मुक्त संमती, पात्र पक्ष, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश असला की करार होतो. एरवी तो लेखी असलाच पाहिजे असे बंधन नाही. कलम ७० तर करार सिद्ध न झालेल्या ठिकाणीही, फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला त्याने भरपाई द्यावी असे सांगते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेला करार केवळ त्या माध्यमामुळे निष्फळ ठरत नाही, त्यामुळे ईमेलवर आलेला होकार हाही होकारच. ‘सही कुठे आहे दाखवा’ असे म्हणून हात वर करणारा ग्राहक बहुतेक वेळा नीतीच्या कसोटीवर तर उतरत नाहीच, कायद्याच्याही उतरत नाही.

आता तो अपवाद. प्रतिलिपी अधिकार कायदा, १९५७, म्हणजे ज्याला व्यवहारात कॉपीराइटचा कायदा म्हणतात, त्याच्या दृष्टीने नोकरीत नसलेला भाषांतरकार किंवा लेखक हा आपल्या कृतीचा पहिला मालक असतो. मोबदला देऊन काढून घेतलेले छायाचित्र किंवा चित्र यांसारख्या काही कृतींत मात्र, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा पहिला मालक ठरतो. मालक जेव्हा हा अधिकार दुसऱ्याच्या नावे करून देतो, तेव्हा ते अभिहस्तांतरण कलम १९ प्रमाणे लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचे असल्याशिवाय वैधच होत नाही. इथे सही ज्ञापक राहत नाही, कारक होते. तिच्या आधी हस्तांतरण नव्हतेच. कायद्याला याची जाणीव असल्यामुळे त्याने देणाऱ्याच्या बाजूने काही कुंपणेही घातली आहेत: मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचे, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते, आणि घेणाऱ्याने एका वर्षात अधिकार वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, ते संपुष्टात येते. कलम ५७ मधील कर्त्याचे विशेष अधिकार, म्हणजे कृतीवर आपले नाव असण्याचा आणि तिच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा हक्क, हस्तांतरणानंतरही कर्त्याकडेच राहतात. या कुंपणांमागचे तत्त्व असे दिसते की जिथे सही नवे काही घडवते तिथे कागदाच्या मौनाचा फायदा देणाऱ्याला मिळावा. पण मौनाचा फायदा मौन असेल तरच मिळतो. बहुतेक तयार मसुद्यांत ‘जगभर, कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’ हे शब्द आधीच छापलेले असतात, आणि सही करणाऱ्याची नजर रकमेच्या ओळीवर खिळलेली असते.

यामुळे मसुदा कोणी लिहिला हा प्रश्न कडेचा राहत नाही. कुराणातील दुसऱ्या सूरेची २८२ वी आयत, जी त्या ग्रंथातील सर्वांत दीर्घ आयत आहे, मुदतीचे देणे लिहून ठेवण्याची आज्ञा देते. व्यवहार लहान असो की मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये असे सांगते. आणि मजकूर कोणी सांगावा याबद्दल स्पष्ट असते, की ज्याच्यावर देण्याचा भार आहे त्याने तो सांगावा आणि लेखकाने न्यायाने लिहावा. याज्ञवल्क्याचा लेखक दोघांच्या विनंतीवरून लिहितो आणि मान्यतेची ओळ ऋणको स्वतःच्या हाताने लिहितो. दोन परंपरा एकमेकींपासून इतक्या लांबच्या, तरी दोघींची भीती एकच दिसते: बलवान पक्षाच्या तोंडची भाषा दुर्बलाच्या नावावर खपवली जाण्याची. आजच्या करारपत्रात हा क्रम नेमका उलटला आहे. मसुदा पैसे देणाऱ्याचा वकील लिहितो, बंधने बहुतांशी काम करणाऱ्यावर येतात, आणि त्याच्या वाट्याला तळच्या रेघेवर सही करणे एवढेच उरते. असल्या मसुद्यात हमखास आढळणारे एक कलम जवळून पाहण्यासारखे आहे: काम ‘ग्राहकाच्या समाधानाप्रमाणे’ पूर्ण झाल्यावर रक्कम देय होईल. समाधान कोणत्या निकषावर, किती दुरुस्त्यांनंतर, किती दिवसांत कळवायचे, यांतले काहीच लिहिलेले नसते. म्हणजे एका पक्षाचे कर्तव्य दुसऱ्याच्या मनःस्थितीवर टांगलेले असते. कलमाची भाषा सभ्य आहे, पण बंधन एकालाच आहे, आणि ज्याने स्वतःला बांधून घेतलेले नाही त्याने ठराव केला असे म्हणणे अवघड आहे.

यावर नेहमीचे उत्तर असे की सही स्वखुशीने केली, कोणी हात धरून करवली नाही. याज्ञवल्क्याने व्यवहार सिद्ध न होण्याची जी कारणे दिली आहेत त्यांत मत्त, उन्मत्त, बाल आणि भीत यांच्यासोबत आर्तही येतो. टीकाकार आर्त म्हणजे रोगादिकांनी पीडित असा अर्थ करतात, पोटाच्या गरजेने कासावीस असा नव्हे. हा संयम योग्यच म्हणावा लागेल. गरज हीच जबरदस्ती मानली तर गरजू माणसाला करार करण्याचा अधिकारच उरणार नाही, आणि संरक्षणाच्या नावाखाली त्याचे काम जाईल. तेव्हा घरभाडे थकले म्हणून सही केली, एवढ्याने करार रद्द होत नाही, होऊ नये. पण करार रद्द न होणे वेगळे आणि मसुदा लिहिणारा निर्दोष असणे वेगळे. समोरच्याची नड दिसत असताना तिच्या मापाने कलम शिवणारा माणूस कायद्याच्या तावडीतून सुटेल, परंतु सहीच्या आड उभे राहून तो स्वतःच्या कर्तव्यातून सुटत नाही, कारण त्याचे कर्तव्य मुळात सहीतून आलेले नव्हते.

याला आव्हान देणारे एक पाश्चात्त्य मत इथे विचारात घ्यायला हवे. डेव्हिड ह्यूम यांनी १७३९-४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी स्वभावावरील आपल्या ग्रंथात वचनपालन हा निसर्गसिद्ध नव्हे तर मनुष्यकृत सद्गुण मानला. एकमेकांच्या उपयोगासाठी माणसांनी काही संकेत ठरवले आणि त्या संकेतांतूनच वचनाचे बंधन आले, असे त्यांचे म्हणणे. तसे असेल तर सही हाही असाच एक संकेत, आणि तिच्यामागे आणखी काही शोधणे व्यर्थ. या मताचे सामर्थ्य नाकारता येत नाही. वचन देण्याची रीतच नसलेल्या समाजात वचनभंगही संभवत नाही. पण मुक्त व्यावसायिकाच्या बाबतीत नुसते वचन नसते, केलेले काम असते. एकाचे श्रम दुसऱ्याच्या हाती गेले, त्याने ते वापरले, त्यावर पैसेही मिळवले. या घटनेला कोणत्याही संकेताची वाट पाहावी लागत नाही. ह्यूम यांची उपपत्ती भविष्यात करावयाच्या गोष्टींविषयीच्या वचनाला चांगली लागू पडते, झालेल्या कामाच्या ऋणाला ती अपुरी पडते.

सही देण्याचा उगम नसून साक्ष आहे हे मान्य केले, तर सही झालेल्या कागदाशी कसे वागावे हाही नीतीचाच भाग ठरतो, कारण साक्षीदाराला दडवणे हे खोटी साक्ष देण्याच्याच जातीचे कृत्य आहे. व्यवहारात सर्वाधिक आढळणारा दोष अगदी साधा असतो: मुक्त व्यावसायिक करारपत्राची प्रत छापून, सही करून, तिची पीडीएफ पाठवतो, आणि ग्राहकाच्या सहीची प्रत त्याच्याकडे कधीच परत येत नाही. काम सुरू झालेले असते, विचारायला संकोच वाटतो, आणि ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण पाठ असूनही तो भिडेस्तव गप्प बसतो. वस्तुतः त्या घडीला एक पक्ष साक्षीदार बाळगून असतो आणि दुसरा नसतो. त्याचप्रमाणे काम चालू असताना फोनवर वाढवलेली व्याप्ती, उदाहरणार्थ दोनशे पानांचे पुस्तक ठरले असताना ‘एवढे परिशिष्टही घ्या’ म्हणून गळ्यात घातलेली पाने, मूळ कागदावर कुठेच उमटत नाहीत; लेख्याच्या पाठीवर वेळोवेळी नोंद करावी हा जुना नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो, फरक एवढाच की पाठीऐवजी त्याच दिवशी पाठवलेला दोन ओळींचा ईमेल हे काम करतो. मराठेशाहीच्या पत्रांत मजकूर संपतो तिथे मोर्तब उमटवीत, जेणेकरून नंतर कोणाला खाली ओळ घुसडता येऊ नये. पानोपानी आद्याक्षरे घालण्याची आजची रीत त्याच काळजीतून आली आहे, आणि इलेक्ट्रॉनिक सहीनंतर मजकुरात केलेला बदल उघडकीस यावा ही कायद्याची अपेक्षाही तीच. अशा काळजीला अविश्वास म्हणणे बरोबर नाही. वर उल्लेखिलेल्या आयतीत लिहिण्याचे कारण समोरच्याचा लबाडपणा असे दिलेले नाही. संशयाला जागा कमी राहते असे दिले आहे. सहा महिन्यांपूर्वीचे बोलणे दोन प्रामाणिक माणसांनाही दोन प्रकारे आठवते, आणि ज्याला रक्कम द्यायची असते त्याला ती बहुधा थोडी लहान आठवते.

साक्ष निकामी झाल्यावर देण्याचे काय होते, हा प्रश्न उरतो. धर्मशास्त्राच्या मते ऋण माणसाबरोबर मरत नाही. ते पुत्रपौत्रांवर येते, आणि न फेडणाऱ्याला पुढच्या जन्मातही त्याची फेड करावी लागते, अशी श्रद्धा त्यामागे आहे. आधुनिक कायद्याला इतका लांबचा हिशेब ठेवता येत नाही. रक्कम देण्याची तारीख ठरलेली नसेल तर केलेल्या कामाच्या किमतीचा दावा मुदत कायदा, १९६३ प्रमाणे काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. त्यानंतर न्यायालयाचे दार बंद होते, आणि वर्षानुवर्षे खेटे घालून दमलेल्या अनेक मुक्त व्यावसायिकांना हे दार बंद झाल्यावरच दिसते. पण त्याच करार कायद्याच्या कलम २५ मध्ये एक तरतूद आहे: मुदतीबाहेर गेलेले देणे फेडण्याचे वचन देणेकऱ्याने लेखी आणि सहीनिशी दिले, तर त्यासाठी नवा मोबदला नसतानाही तो करार अंमलबजावणीस पात्र ठरतो. मुदतीबरोबर देणेच नाहीसे झाले असते, तर मोबदल्यावाचूनच्या या वचनाला कायद्याने दानाहून वेगळे मानण्याचे कारण नव्हते. तीन वर्षे उलटून गेलेले बिल ज्याच्या कपाटात पडून आहे त्या ग्राहकाला ते फेडण्याची सक्ती आज कोणी करू शकत नाही, पण देणे त्याच्याकडेच आहे.